तिराकोलच्या फेरीवर लिबेराता

दोन वर्षांनी लिबेराता परत आली
आणि केरीच्या धक्क्यावरून फेरीत चढताना
तिनं चपला हातात घेतल्या.
मी म्हटलं, बाय, हे काय देऊळ आहे?
हसली. म्हणाली, तिकडं नदी पायांनीच ओलांडतात, भिवामाम,
सवय लागली.

गेली तेव्हा किल्ल्यातल्या कपेलात
पाद्रीनं डोक्यावर हात ठेवला होता.
रेजिनानं पिशवीत घातले होते सुके बांगडे,
सोलं, आणि विक्सची डबी.
गावाला कळलं ते एवढंच :
समुद्रापलीकडच्या समुद्रात एक बेट,
एका बेटाचे दोन देश, मधे नदी,
काठावर मिसांव, तिथं पोरी फुकट राबतात.
तो 'फुकट' रेजिनाच्या घशात अडकला होता काट्यासारखा.
आमची माणसं बोटीवर जातात, कुवेतला जातात.
पैसे न मिळवायला इतक्या लांब कोण जातं?

काय शिकवलंस गो त्यांना? दोतोर्न?
तीन महिने नुसत्या बादल्या धुतल्या, म्हणाली.
मग सिस्टरनं एक वही दिली.
पुलावर ट्रक यायचा, पिंजऱ्याचा,
माणसं परत सोडणारा.
उतरतील त्यांची नावं लिहायची, पाणी द्यायचं, बस.
विलनेर म्हणून एक पोरगा होता.
त्याचं नाव मी तीनदा चुकवलं.
मागं रांग, डोक्यावर ऊन, तरी तो हलेना.
एवढंच राहिलंय माझ्याकडं, म्हणाला,
ते तरी नीट लिही.

मग आपणहून सांगत सुटली.
साबणाला ते सावों म्हणतात.
पपायला पपायच.
पपायसाठी रडले मी, भिवामाम,
रिकामी बादली मांडीवर घेऊन.

आणि मादाम इलियान, सकाळी दारात बसून भाजी निवडणारी.
तिच्या आजीच्या काळात, सांगतात,
शिपाई कोथिंबिरीसारखी एक जुडी समोर धरायचे :
बोल, हिला काय म्हणतात?
नाव पलीकडच्या भाषेतलं.
त्यातला र जिभेवर नीट वळला नाही, तर
लिबेराता थांबली.
खाली इंजिन धडधडत होतं.
एक स्कूटरवाला उगाच हॉर्न देत होता.

मी दोर गुंडाळत राहिलो.
मी घरी मराठी वाचतो, बाजारात कोंकणी बोलतो,
देवाशी जी आधी येईल ती.
भाषेच्या भांडणाच्या साली, मी फेरीवर नवा,
ह्याच धक्क्यावर चौघांनी मला अडवलं होतं :
तुझी कुठली रे? बोलून दाखव.
बोललो. हसण्यावारी नेलं.
काय बोललो ते आता आठवत नाही,
घसा कोरडा पडला होता, ते आठवतं.

हे तिला सांगता आलं असतं.
पण मग दुसरंही सांगावं लागलं असतं :
गेल्या मंगळवारी ट्रॉलरवरचा एक झारखंडचा पोर
कठड्याला टेकून उभा होता,
आणि मी त्याला म्हटलं, कार्ड दाखव.
मला कार्ड बघायचा हक्क नाही.
ह्या फेरीत माणसाला पैसेही पडत नाहीत,
फक्त गाडीला.
त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दाखवलं.
मी न वाचताच मान डोलावली.

आता पुढं काय? मी विचारलं.
पेडण्याला बँकेत कसलीशी जागा निघालीय, म्हणाली.
रेजिना धक्क्यावर उभी होती, छत्री उघडून, ऊन नसताना.
मायलेकी चढण चढून गेल्या,
काही बोलत नव्हत्या, की मला ऐकू आलं नाही.
चपला फेरीतच राहिल्या.
मी त्या लाइफ जॅकेटांच्या पेटीवर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीला तो पोर होता.
मला बघून खिशाकडं हात गेला त्याचा.
नको नको, म्हटलं. नाव काय तुझं?
सांगितलं त्यानं.
इंजिनाच्या आवाजात कळलं नाही.
मी जवळ गेलो,
पुन्हा विचारलं.